काकूंचा बचाव

घरात डास शिरला की दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत त्याच्यामागं फिरणारा माणूस काकूंना अजिबात बघवत नसे. "एवढा शिकलेला माणूस आणि भजनाला बसल्यासारखा टाळ्या पिटतोय," म्हणायच्या. "अरे, डास काय तुझ्या टाळीसाठी थांबणार आहे? कुंडीखालच्या बशीत पाणी साठलंय का ते बघ आणि ओतून टाक. डासाच्या मागे लागायचं नसतं, त्याची जागा काढून घ्यायची असते."

हे त्यांनी मला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा आसपास घर नव्हतं आणि डासही नव्हता. इथं परदेशात, बुकित पंजांगच्या एका मैदानावर भर दुपारी आम्ही घामानं निथळत उभे होतो, आणि डास म्हणजे समोरच्या संघातला एक चपळ पोरगा होता. त्याच्यामागं आमचे पाचही जण एकदम धावले होते, आणि मोकळ्या राहिलेल्या जागेत दुसऱ्यानंच चेंडू झेलून गुण घेतला होता.

काकू डासांच्या शास्त्रज्ञ. मूळच्या डोंबिवलीच्या, वयानं पन्नाशीच्या पुढं. इथल्या विद्यापीठात डासांवर संशोधन करायला आल्या होत्या, आणि रविवारी आमच्या फ्लॅग फुटबॉल संघाचा बचाव सांभाळायच्या. हे दोन वेगळे उद्योग आहेत असं त्यांना कधी वाटलं नाही. मला सुरुवातीला वाटायचं. आता वाटत नाही.

फुटबॉल म्हटलं की माझ्यासारख्या कोल्हापूरकराच्या डोळ्यांपुढं वेगळंच येतं. हा तो नव्हे. हा अमेरिकेतला, लांबुळका चेंडू हातानं फेकायचा. तिकडं एकमेकांना आडवं पाडतात, आमच्यात तसं नाही. कमरेच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंना फिती लटकतात, चेंडू घेऊन पळणाऱ्याची फीत ओढून काढली की त्यानं थांबायचं. दोन्हीकडं पाच-पाच जण. एक चेंडू फेकणारा, बाकीचे पळत जाऊन झेलणारे. मैदानाच्या टोकाला आखलेल्या पट्टीत चेंडू पोचला की गुण. आमच्या संघात पुण्या-मुंबईचे आयटीवाले होते, पीएचडी करणारी दोघं-तिघं पोरं होती, आणि मी. मी शिपयार्डात वेल्डर. शाळा नववीत सुटली ती सुटलीच. मिहिर आमचा कप्तान, पाया लेबारच्या एका ऑफिसात मॅनेजर. चेंडू आमच्याकडं असला की काय करायचं ते तो ठरवायचा. चेंडू समोरच्यांकडं गेला की मैदान काकूंचं.

मैदानावर आल्या आल्या काकू आधी एक फेरी मारत. उलटी पडलेली झाकणं, कोपऱ्यातले कागदी कप, कुणी विसरलेला डबा, जिथं म्हणून थेंबभर पाणी साठेल ते सगळं पालथं करत जायच्या. फुल बाह्यांचा शर्ट, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, कापडी टोपी आणि काखेत घडीची खुर्ची. समोरच्या संघाला वाटायचं, हा भारतीय लोकांचा सामन्याआधीचा काहीतरी विधी असणार. एकदा त्यांच्यातल्या एकानं आदरानं स्वतःचा कप पण आणून दिला. काकूंनी तो पालथा केला आणि "थँक्यू, बेटा" म्हणाल्या.

हा खेळ त्या शिकल्या अमेरिकेत. तिथं शिकत असताना त्यांच्या प्रयोगशाळेची खिडकी विद्यापीठाच्या संघाच्या सरावाच्या मैदानावर उघडायची. दिवसदिवस डास अंड्यांतून बाहेर पडायची वाट बघत बसायचं आणि खिडकीतनं बचावाचा सराव बघायचा. "चढाई करणारे कोपऱ्यात, झाडाआड," त्या सांगायच्या. "मला दिसायचा तो नुसता बचाव. माझं अर्धं आयुष्य चेंडू न बघता फुटबॉल बघण्यात गेलंय." आणि खरंच, काकू सामना बघताना चेंडूकडं बघत नसत. सगळे "अरे, अरे" करून एका दिशेला माना वळवायचे तेव्हा काकू भलतीकडं, चेंडूपासून लांब उभ्या असलेल्या कुणाच्या तरी पायांकडं बघत असायच्या.

आमची ओळख गणपतीत झाली. इथली मराठी मंडळी एक हॉल घेऊन गणपती बसवतात. मखराचा लोखंडी सांगाडा जोडायला मला बोलावलं होतं. आरती सुरू झाली, सगळे गणपतीकडं बघत टाळ्या वाजवतायत, आणि मी मागच्या खांबाला टेकून दाराकडं तोंड करून उभा. शेजारी ही टोपीवाली बाई.

"गणपतीकडे पाठ करून काय बघतोयस रे?"

मी चपापलो. "न्हाई, म्हटलं, एवढी माणसं आहेत. ती वायर कुणाच्या पायात येईल. आणि ते पोरगं त्या टेबलावर चढतंय. पडंल."

पोरगं खरंच चढत होतं. काकू गेल्या, त्याला उचलून खाली ठेवलं, परत आल्या. "अजून कुठे काय होऊ शकतं?"

मी सांगत गेलो. समई पडद्याच्या फार जवळ आहे. प्रसादाच्या टेबलाचा एक पाय लुळा आहे. त्या आजोबांच्या मागची खुर्ची कुणीतरी सरकवली आहे, ते न बघता बसतील. असली यादी माझ्या डोक्यात कायम चालू असते. लॉकरला कुलूप लावलं तरी ते ओढून बघायला मी परत जातो. शिपयार्डात काम संपलं की ठिणगी कुठं धुमसत राहिली नाही ना म्हणून पुन्हा एक चक्कर मारतो. घरचे याला माझं खूळ म्हणतात. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आरतीचं ताट पुढं आलं तेव्हा त्यावरून हात फिरवता फिरवता म्हणाल्या, "रविवारी मैदानावर ये. मला शेवटचा माणूस मिळाला."

शेवटचा माणूस म्हणजे बचावात सगळ्यांच्या मागं, आपल्या पट्टीच्या तोंडाशी उभा राहणारा. त्याच्यामागं कुणी नसतं. तो चुकला की गुण गेला. हे कळल्यावर मी हात जोडले.

"काकू, मला न्हाई जमायचं. मला भीती वाटती."

"म्हणूनच. बिनधास्त माणूस मागे ठेवला की तो चेंडूची मजा बघत बसतो. तुझ्यासारखा मागेबघ्या मला हवा होता. घाबर तू खुशाल. फक्त योग्य ठिकाणी उभा राहून घाबर."

तेव्हापासून माझं नाव मागेबघ्या पडलं.

त्यांची सगळी जुळवाजुळव अशीच असायची. दुसरा कुणी असता तर आमच्या खोडी मोडायला बघितलं असतं. काकू त्या खोडींना कामाला लावायच्या. एक अतिशय उतावळा पोरगा होता, कुणाचं वाक्य पुरं होऊ द्यायचा नाही. त्याला त्यांनी थेट फेकणाऱ्याच्या अंगावर सोडला. "जा, त्याचंही वाक्य पुरं होऊ देऊ नकोस." एक पीएचडीवाला होता, जागचा हलायला तयार नसायचा. तो मध्ये. "तू हलू नकोस. तुला कुणी हलवू शकत नाही, हेच तुझं मोठेपण." तो बिचारा इतका खूश झाला की तेव्हापासून सरावाला वेळेवर यायला लागला. दोघं आयटीवाले कायम एकमेकांशी वाद घालायचे, त्यांना दोन कडांना उभं केलं. मैदानाच्या रुंदीवरून ओरडून ओरडून ते एकमेकांच्या चुका काढायचे, आणि त्यामुळं कुठली कड उघडी आहे ते सगळ्यांना कळायचं.

रागावायच्या मात्र जोरात. एकदा मिहिरची लहान मुलगी खेळ बघायला आली होती. काकूंचा आवाज ऐकून ती बापाच्या मागं लपली आणि इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, काकू सो फिअर्स लाह!" काकूंनी ऐकलं. "फिअर्स नाही गं, सोन्या. तुझा बाबा बहिरा आहे."

ज्या संघाशी आमची फायनल झाली त्यांच्याशी आधी साखळीत एक सामना झाला होता. त्यांचा फेकणारा उंच, शांत, इथलाच चिनी मुलगा. लाल टोपी उलटी घालायचा. त्या सामन्यात ऐन वेळी मी काकूंकडं बघितलं. काकू खुर्चीतून हात डावीकडं किंवा उजवीकडं हलवून इशारा करत, आणि मला त्या इशाऱ्याशिवाय पाऊल उचलवत नसे. मी तिकडं बघतोय तोवर चेंडू माझ्या डोक्यावरून गेला. आम्ही हरलो. फायनल पुन्हा त्यांच्याशीच आहे हे कळल्यावर मिहिर काकूंना म्हणाला, "काकू, शेवटचा माणूस बदलूया. तो चांगला आहे, पण दर वेळी तुमच्याकडे बघतो."

मी जवळच बूट बांधत होतो. मिहिर वाईट माणूस नाही. तो म्हणाला ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं. मला इथं मिळालेलं हे एकच असं काम होतं, जिथं माझं घाबरणं कुणाच्या उपयोगी पडत होतं. ते जाईल या विचारानं मला त्या आठवड्यात जेवण गेलं नाही.

काकू म्हणाल्या, "त्याला काढलंस तर मलाही काढ. प्लॅन त्याच्याभोवती केलाय."

तोवर प्लॅन झालेला नव्हता. तो त्यांनी नंतर केला. लाल टोपीचा संघ दुसऱ्यांशी खेळायचा तेव्हा काकू जाऊन त्यांच्याच माणसांत बसायच्या. त्या पोरांच्या आया त्यांना उसाचा रस द्यायच्या. त्यांना वाटायचं, कुठल्या तरी भारतीय खेळाडूची आई. काकू रस प्यायच्या आणि लाल टोपीच्या मानेकडं बघायच्या. एका रविवारी आल्या त्या हसत.

"एकदाच बघतो. चेंडू हातात येण्याआधी आपला शेवटचा माणूस कुठे आहे ते एकदा बघतो, आणि मग पुन्हा बघत नाही. हुशार मुलांची खोड. एकदा बघितलं की त्यांना वाटतं, कळलं."

मग आम्हाला घेऊन त्या हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉलांच्या मोठ्या मंडईत गेल्या. जेवणाची वेळ, बसायला जागा नाही. इथं रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून दिलं की ती जागा धरलेली समजतात. काकूंनी आम्हाला थोडं लांब उभं केलं आणि मोकळ्या झालेल्या एका टेबलावर पाकीट ठेवून आल्या.

"बघा आता."

ताटं घेतलेली माणसं येत होती, पाकीट बघत होती, वळून जात होती. एक आजोबा तर गरम नूडल्सचा वाडगा सांभाळत टेबलाला वळसा घालून गेले.

"तिथे कोण बसलंय?" काकूंनी विचारलं.

"कुणी नाही," उतावळा म्हणाला.

"पण सगळे मान देतायत. मागेबघ्या, तू माझं पाकीट. त्याला दिसेल असा डावीकडे उभा राहा. त्यानं बघितलं, डावीकडची जागा धरलेली आहे असं मनात पक्कं केलं, की तू पळत उजवीकडे. तो मोकळ्या उजवीकडे फेकणार, आणि तिथे तू."

मग त्यांनी त्या आजोबांना हाक मारून त्या टेबलावर बसवलं. आम्ही उभ्यानं जेवलो.

आता काकू इथं नाहीत. काम संपल्यावर डोंबिवलीला परत गेल्या. फोनवर कधी माझी तब्येत विचारत नाहीत. "डिफेन्स कसा आहे?" एवढंच. मी सांगतो, आणि मला परदेशात एकटं असल्यासारखं वाटत नाही. आमच्यात नवी पोरं आली आहेत, त्यांना अमेरिकेचे सामने तोंडपाठ असतात, मोठमोठ्या प्रशिक्षकांचे बेत ते मोबाइलवर दाखवतात. मी बघतो. छान असतात. पण पाच साध्या माणसांच्या पाच खोडी ओळखून त्यातनं भिंत उभी करणारी बाई मी डोळ्यांनी बघितली आहे, तिच्या भिंतीत मी उभा राहिलो आहे, आणि हे सांगताना माझी छाती जरा पुढं येतेच.

फायनल विद्यापीठाच्या मैदानावर होती. पाकिटाची युक्ती पहिल्यांदा लागू पडली तेव्हा चेंडू अलगद माझ्या हातांत आला. लाल टोपीनं डावीकडं वळून बघितलं, मग माझ्याकडं. दुसऱ्यांदाही तेच झालं. तेव्हा मात्र त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. त्यानं बघितलं काकूंच्या खुर्चीकडं.

शेवटी शेवटी आम्ही थोडक्यानं पुढं होतो. चेंडू त्यांच्याकडं, आमच्या पट्टीच्या अगदी जवळ, आणि त्यांना फेकायची एकच संधी उरली होती. तेवढ्यात विजेच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला. इथं भोंगा वाजला की मैदान रिकामं करावं लागतं, मग कुणी कितीही जिंकायला आलेलं असो. दोन्ही संघ एकाच छपराखाली येऊन बसले. आभाळ काळं, पाऊस नाही, नुसती लांबवर गडगड. लाल टोपी गुडघ्यांवर कोपरं टेकून खाली बघत विचार करत होता. विचार करायला त्याला हवा तेवढा वेळ मिळाला होता. दोनदा फसलेला माणूस तिसऱ्यांदा उजवीकडं फेकेल? की मी तसंच समजेन म्हणून उजवीकडंच फेकेल? माझं डोकं भणभणायला लागलं.

मिहिर काकूंजवळ येऊन बसला. मी ऐकतोय हे त्याला ठाऊक होतं, तरी तो हळू बोलला नाही. "काकू, त्यांना कळलंय. तुम्ही हात हलवता ते त्यांचा फेकणारा पण बघतो. आणि हा तुमच्याकडे बघितल्याशिवाय हलत नाही. एका बॉलसाठी बदलूया. प्लीज."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. "तुला काय म्हणायचंय?"

खरं म्हणजे मला म्हणायचं होतं, बदला. हरलो असतो तर ते माझ्यामुळं, आणि काकूंनी माझ्यासाठी शब्द टाकला होता. पण तोंडातनं निघालं, "तुम्ही म्हणाल तसं."

"हेच तर," काकू म्हणाल्या. "मिहिर, तुझं दोन्ही बरोबर आहे. तोच खेळेल."

धोका टळल्याचा भोंगा वाजला. आम्ही मैदानात गेलो. मी ठरल्याप्रमाणं डावीकडं उभा राहिलो. लाल टोपीनं मला बघितलं, आणि मग आम्ही दोघांनी एकदमच काकूंच्या खुर्चीकडं बघितलं.

काकूंनी खुर्ची उलटी फिरवली होती. मैदानाकडं पाठ करून, हाताची घडी घालून, समोरच्या कुंपणाकडं बघत बसल्या होत्या. मिहिर डोक्याला हात लावून त्यांच्याशेजारी उभा. आता मला इशारा करायला कुणी नव्हतं. आणि दुसऱ्याच क्षणी ध्यानात आलं, की लाल टोपीलाही आता तिथं बघण्यासारखं काही उरलेलं नाही. कुंडीखालची बशी पालथी करावी तसं काकूंनी स्वतःलाच तिथून काढून घेतलं होतं.

मग बघायला उरला फक्त तो. त्यानं मधे बघितलं. उजवीकडं बघितलं, चांगलं मान वळवून. पुन्हा मधे. माझ्या बाजूला, डावीकडच्या कोपऱ्याकडं, एकदाही नाही. हॉकर सेंटरला एखादं टेबल आता उठणार हे हेरलेला माणूस त्या टेबलाकडं मुद्दाम बघत नाही, बाजूच्या स्टॉलची पाटी वाचत उभा राहतो. तसा तो डावीकडं बघत नव्हता.

चेंडू त्याच्या हातात आला. उतावळा सुटला. मी उजवीकडं पळालो नाही. जिथं होतो तिथंच राहिलो, आणि त्यांचा सगळ्यात चपळ पोरगा माझ्यापुढनं डावीकडच्या कोपऱ्यात घुसला तेव्हा त्याच्याबरोबर दोन पावलं मागं गेलो. चेंडू आला. मी उडी मारली. बोटांची टोकं लागली, आणि चेंडू पट्टीच्या बाहेर जाऊन गवतावर लोळला.

पुढचा आरडाओरडा मला नीट आठवत नाही. कुणीतरी मला उचललं, कुणीतरी पाडलं. लाल टोपीनं येऊन हात मिळवला. "अंकल, वेरी स्टेडी," म्हणाला. मी तेवढा म्हातारा नाही, पण चाललं. सगळ्यांतनं वाट काढत मी काकूंच्या खुर्चीपाशी गेलो. त्या अजून कुंपणाकडंच तोंड करून बसल्या होत्या. मिहिर वाकून त्यांना काहीतरी सांगायला बघत होता आणि त्या हातानं त्याला गप्प करत होत्या.

"तू नको. त्याला सांगू दे. काय झालं?"

"जिंकलो, काकू."

"ते आवाजावरून कळलं. झालं काय? कोण कुठे होतं?"

मी सांगायला लागलो. उतावळा कुठून सुटला, मधला हलला नाही, उजव्या कडेवरचा आपला माणूस दोन पावलं जास्तच आत आला, त्यांचा चपळ गडी आधी उजवीकडं झुकला आणि मग वळला. शाळेत मास्तरांनी उभं केलं की माझी बोबडी वळायची. इथं धाप लागलेली असताना मी दहाच्या दहा माणसं जागेवर उभी करून दाखवत होतो, आणि मिहिर तोंडाचा आ करून ऐकत होता.

काकूंनी मध्येच थांबवलं. "उजव्या कडेला आत का येऊ दिलंस? ओरडायला काय झालं होतं?"

"ऱ्हायलं, काकू."

"पुढच्या वेळी ओरड. आणि ठरलं होतं पळायचं. तू का नाही पळालास?"

"मला वाटलं, तो डावीकडंच..."

"वाटलं?" काकूंनी खुर्चीतल्या खुर्चीत वळून पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. टोपीखाली डोळे ओले होते, आवाज मात्र नेहमीसारखाच खणखणीत. "वाटलं काय म्हणतोस, गाढवा? मैदानावर एवढी माणसं होती, कुणालाही काहीही वाटलं असेल. तुला दिसलं. नीट सांग या मिहिरला."

मी मिहिरकडं बघितलं. काकूंकडं बघितलं नाही.

"मला दिसलं," मी म्हणालो.